प्रोटॉनच्या मृत्यूची वाट पाहताना : कोलारच्या खाणीतील एक न सुटलेला प्रश्न

केजीएफ म्हटले की हल्ली आधी चित्रपट आठवतो. पडद्यावरची ती खाण, तो नायक आणि ते साम्राज्य सारे कल्पित आहे. खऱ्या कोलार गोल्ड फील्ड्समध्ये घडलेली एक गोष्ट मात्र त्याहून विलक्षण आहे. १९८० च्या अखेरीस या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, १४० टन वजनाचे यंत्र उभारून काही भारतीय व जपानी शास्त्रज्ञ एका मृत्यूची वाट पाहत होते. तो मृत्यू प्रोटॉनचा होता.

प्रोटॉन मरतो का, हा मूलभूत भौतिकशास्त्रापुढील आजही अनुत्तरित असलेला प्रश्न आहे. तुमच्या हातातील फोन, तो धरणारा हात आणि पायाखालची जमीन ज्या कणांची बनली आहे, ते कायमचे टिकणार की कधीतरी विरून जाणार? असा प्रश्न विचारायला सूत्रे पुरतात. उत्तर शोधायला मात्र जागा लागते, आणि ती जागा भारताकडे एके काळी होती. ती कशी मिळाली आणि कशी गेली, हा या धाग्याचा विषय.

प्रथम खाणीविषयी. कोलारच्या पट्ट्यात सोने काढण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. परंतु आधुनिक खाणकामाला १८८० नंतर जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने वेग दिला. चॅम्पियन रीफ, नंदीदुर्ग, उरिगाम, मैसूर ही त्यांतील प्रमुख खाणींची नावे. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण झालेली वीज जवळजवळ १५० किलोमीटर तारा ओढून कोलारला आणली गेली. अनेक मोठ्या शहरांतही विजेचे दिवे नव्हते, त्या काळातील ही गोष्ट आहे. वीज अर्थातच माणसांसाठी नव्हे, तर यंत्रांसाठी आणली होती.

सोन्याची शीर जसजशी खाली गेली, तसतशी खाणही खाली गेली. चॅम्पियन रीफची खोली अखेरीस तीन किलोमीटरच्या पुढे पोहोचली आणि जगातील सर्वांत खोल खाणींत तिची गणना होऊ लागली. तळाशी खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर असे. वरच्या खडकाच्या दाबाने भुयाराची भिंत अकस्मात फुटून माणसे गाडली जात; खाणीच्या भाषेत याला ‘रॉक बर्स्ट’ म्हणत. धुळीने फुप्फुसे निकामी होत. हे काम करणारे बहुसंख्य मजूर तमिळ व तेलुगू प्रदेशांतून आलेले होते आणि त्यांत दलितांचे प्रमाण मोठे होते. विज्ञानाच्या इतिहासात कोलारची ‘खोली’ एखाद्या नैसर्गिक देणगीसारखी नोंदवली जाते. ती देणगी नव्हती. ती या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खणून काढली होती.

आता मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा कुलाब्याच्या आजच्या वास्तूत नव्हती. गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचे काम चाले. होमी भाभा यांचा स्वतःचा विषय विश्वकिरण. अवकाशातून अखंड येणारे हे वेगवान कण वातावरणातील अणूंवर आदळतात आणि त्या टकरींतून नवे कण जन्मतात. त्यांतील म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत सहज पोहोचतात. उघड्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जात असतो. हे म्युऑन जमिनीत किती खोलवर शिरतात, हे मोजायचे होते. युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांशी महागड्या प्रवेगकांच्या बाबतीत बरोबरी करणे नव्या भारताला शक्य नव्हते. पण सर्वांत खोल खाणींपैकी एक खाण आपल्या देशात होती. १९५१ साली भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला कोलारला धाडले.

श्रीकांतन आपली उपकरणे घेऊन खाणीच्या पाळण्यातून खाली उतरले आणि निरनिराळ्या पातळ्यांवर म्युऑनांची मोजदाद केली. पुढे ते संस्थेचे संचालक झाले. परंतु या कथेतील निर्णायक क्षण १९६० नंतरच्या मोजणीत आला. जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठाचे साबुरो मियाके, मुंबईचे व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमण मूर्ती यांनी एकेक पातळी ओलांडत २,७६० मीटरपर्यंत यंत्रे नेली. त्या तळाशी सुमारे दोन महिने वाट पाहूनही यंत्रात एकही म्युऑन उमटला नाही.

प्रयोगात काहीच न दिसणे हे एरवी निराशेचे कारण ठरते. येथे नेमके उलटे झाले. इतकी संपूर्ण शांतता पृथ्वीवर अन्यत्र मिळणे अवघड होते, आणि शांततेतच क्षीण आवाज ऐकू येतात. हा क्षीण आवाज होता न्यूट्रिनोचा. विश्वकिरणांच्या टकरींतून न्यूट्रिनोही निर्माण होतात. पण ते पदार्थाशी जवळपास संबंधच ठेवत नाहीत. संपूर्ण पृथ्वी भेदून ते पलीकडे निघून जातात. क्वचित एखादा न्यूट्रिनो खडकातील अणुकेंद्राला धडकतो आणि म्युऑन जन्माला घालतो. वरून येणारे नेहमीचे म्युऑन जेथे पोहोचूच शकत नाहीत, तेथे असा एखादा म्युऑन आडव्या दिशेने आला, तर तो न्यूट्रिनोचाच पुरावा मानावा लागतो.

म्हणून १९६५ च्या सुमारास, २.३ किलोमीटर खोलीवर, आडवे येणारे कण टिपण्यासाठी उभ्या भिंतींसारखी उपकरणे मांडली गेली. माथ्यावरील खडक सुमारे सात किलोमीटर पाण्याच्या जाडीइतका अडसर निर्माण करत होता. टाटा संस्था, ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ अशी ही तिहेरी भागीदारी होती. मुंबईच्या बाजूने एम. जी. के. मेनन आणि डरहॅमच्या बाजूने आर्नल्ड वुल्फेंडेल यांचा त्यात पुढाकार होता. त्याच वेळी अमेरिकेचे फ्रेडरिक राइन्स हे वर्णभेदाच्या काळातील दक्षिण आफ्रिकेत, ईस्ट रँड या सोन्याच्याच खाणीत, तीन किलोमीटरहून खोल असाच प्रयोग करत होते. सोने दोन्हीकडे होते, खोली दोन्हीकडे होती, आणि ती खोली खणणाऱ्यांची स्थिती दोन्हीकडे सारखीच दुय्यम होती.

शर्यत कोणी जिंकली? याचे उत्तर ‘पहिले’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा यावर अवलंबून आहे. राइन्स यांच्या यंत्रात पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ रोजी नोंदली गेली होती. कोलारचा शोधनिबंध मात्र १५ ऑगस्ट १९६५ च्या अंकात छापून आला आणि राइन्स यांचा ३० ऑगस्टच्या. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो दिसल्याची पहिली छापील घोषणा कोलारची, हे निर्विवाद आहे. समाजमाध्यमांवर ‘भारताचे श्रेय हिरावले गेले’ असे अधूनमधून वाचायला मिळते, त्याला आधार नाही. राइन्स यांना १९९५ साली नोबेल मिळाले, ते या प्रयोगासाठी नव्हे, तर १९५६ साली अणुभट्टीजवळ न्यूट्रिनो प्रथमच प्रत्यक्ष पकडल्याबद्दल.

इथवरची कथा यशाची आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती येथेच संपवली जाते. खरा कठीण प्रश्न त्यानंतर समोर आला.

प्रोटॉन अमर आहे, असे भौतिकशास्त्राने दीर्घकाळ गृहीत धरले होते. सिद्ध मात्र कोणी केले नव्हते. मॉरिस गोल्डहाबर यांचा यावरील युक्तिवाद प्रसिद्ध आहे. प्रोटॉन फार लवकर नष्ट होत असते, तर आपल्याच शरीरातील प्रोटॉनांच्या क्षयातून निघणाऱ्या प्रारणाने आपण मेलो असतो. प्रोटॉन दीर्घायुषी आहे हे आपल्या हाडांनाच ठाऊक आहे. या विनोदी वाटणाऱ्या तर्कातूनही प्रोटॉनच्या आयुर्मानाची मर्यादा विश्वाच्या वयाच्या कितीतरी पट निघते.

१९७० च्या दशकात सिद्धान्तकारांनी चित्र पालटले. जोगेश पती व अब्दुस सलाम यांनी १९७३-७४ मध्ये आणि हॉवर्ड जॉर्जाय व शेल्डन ग्लाशो यांनी १९७४ मध्ये, वेगवेगळ्या मार्गांनी, निसर्गातील बले एकाच सूत्रात गुंफण्याचे प्रस्ताव मांडले. पती मूळचे ओडिशाचे, सलाम पाकिस्तानचे. या कल्पनेला महाएकीकरण म्हणतात. तिची मोहिनी समजण्यासाठी एकच उदाहरण पुरे. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन हे सर्वस्वी भिन्न कण आहेत, तरी त्यांचे विद्युतभार परस्परविरुद्ध व तंतोतंत समान कसे? महाएकीकरणात याचे उत्तर आहे : ते मुळात एकाच कुळातील आहेत. मात्र एकाच कुळातील कणांचे एकमेकांत रूपांतर होऊ शकते. तेव्हा प्रोटॉनही कधीतरी हलक्या कणांत विरून जायला हवा.

येथे आणखी एक जुने कोडे येऊन मिळते. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समान असावे, अशी अपेक्षा. तसे असते तर दोघांनी परस्परांचा नाश केला असता. मग द्रव्य उरले कसे? आंद्रेई साखारोव यांनी १९६७ मध्ये दाखवले की, यासाठी ज्या अटी लागतात त्यांतील एक अट प्रोटॉनसारख्या कणांची एकूण संख्या कायम न राहणे ही आहे. थोडक्यात, आपण आहोत याचे कारण आणि आपण ज्याचे बनलो आहोत ते शाश्वत नसणे, या एकाच नाण्याच्या दोन बाजू असण्याचा संभव आहे.

सर्वांत साध्या महाएकीकरणाने प्रोटॉनचे सरासरी आयुष्य ढोबळमानाने एकावर तीस शून्ये इतकी वर्षे सांगितले. एखाद-दुसरे शून्य इकडे-तिकडे. विश्वाचे वय अवघे १३८० कोटी वर्षे. एवढी वाट कोण पाहणार? युक्ती अशी की, एका प्रोटॉनकडे युगानुयुगे पाहत बसण्याऐवजी असंख्य प्रोटॉनांकडे काही वर्षे पाहायचे. विमा कंपनीला एखादी व्यक्ती कधी मरेल हे ठाऊक नसते, पण लाखो माणसांत वर्षाला किती मृत्यू होतील हे ठाऊक असते. हिशेब तोच. कोणत्याही पदार्थाच्या एका टनात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून सुमारे सहावर एकोणतीस शून्ये इतके कण असतात. १४० टनांत ते साधारण आठवर एकतीस शून्ये होतात. आयुर्मान एकावर एकतीस शून्ये वर्षे असेल, तर वर्षाला आठेक मृत्यू घडावेत. यंत्राच्या कडेला घडणाऱ्या संशयास्पद घटना वगळल्या तर हाती त्याहूनही कमी लागणार.

कोलारचे यंत्र याच हिशेबाने बांधले गेले. लोखंडाचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये वायुभरित नळ्यांचे ३४ थर. एका थरातील नळ्या आडव्या तर पुढच्या थरातील उभ्या, म्हणजे कणाचा मार्ग दोन्ही दिशांनी रेखता येई. लोखंड एकाच वेळी यंत्राचा सांगाडा होते आणि ज्याच्या मृत्यूची वाट पाहायची तो पदार्थही होते. केवळ प्रोटॉनक्षयासाठी उभारलेल्या मोठ्या प्रयोगांत जगात सर्वप्रथम सुरू झालेला प्रयोग हाच.

१९८१ आणि १९८२ मध्ये कोलारच्या चमूने काही घटना प्रसिद्ध केल्या. त्यांतील कणांच्या रेषा यंत्राच्या आतच सुरू होऊन आतच संपत होत्या. प्रोटॉनक्षयाच्या त्या खुणा असाव्यात, असा त्यांचा अर्थ लावण्यात आला. शोधनिबंधांच्या शीर्षकांत ‘सूचक’, ‘संभाव्य’ अशा अर्थाचे शब्द होते. जगभर खळबळ माजली. अडचण होती ती न्यूट्रिनोची. १९६५ साली ज्याच्या दर्शनाचा आनंद साजरा झाला, तोच वातावरणीय न्यूट्रिनो लोखंडात आदळला की प्रोटॉनक्षयासारखा आभास निर्माण करतो. त्याला कोणतीही खोली अडवू शकत नाही. हाती लागलेल्या मोजक्या घटनांत खरा मृत्यू कोणता आणि न्यूट्रिनोचे सोंग कोणते, हे निश्चित सांगणे कठीण होते.

निकाल अमेरिकेतून लागला. ओहायो राज्यातील मिठाच्या खाणीत सुमारे ८,००० टन शुद्ध पाण्याचा हौद बांधला गेला होता. त्याच्या प्रमुखांत पुन्हा राइन्स होतेच. १९८३ मध्ये, अवघ्या ८० दिवसांच्या नोंदींवरून, त्यांनी जाहीर केले की सिद्धान्ताला सर्वांत जास्त अपेक्षित असलेला क्षयप्रकार एकदाही दिसला नाही. सर्वांत साधे आणि सुंदर महाएकीकरण त्यासरशी बाद झाले. कोलारच्या घटना प्रोटॉनक्षय म्हणून मान्य झाल्या नाहीत. कोलारकडे खोली होती, पण वस्तुमान नव्हते. पाणी स्वस्त असते आणि हौदात कितीही भरता येते. लोखंडाचा एकेक थर मात्र पाळण्यातून खाली न्यावा लागे. १९८५ मध्ये आणखी मोठे, २६० टनांचे दुसरे यंत्र कोलारमध्ये सुरू झाले, तोवर शर्यतीचे मैदान बदलले होते.

आता जपान. कामिओका या गावातील जस्ताच्या खाणीत १९८३ मध्ये ३,००० टन पाण्याचा हौद सुरू झाला. त्याचे नाव कामिओकांदे. या नावातील शेवटची तीन इंग्रजी अक्षरे प्रोटॉन व न्यूट्रॉनच्या क्षयाच्या प्रयोगाची आद्याक्षरे होती. क्षय दिसेना. तेव्हा मासातोशी कोशिबा यांनी यंत्र सुधारून सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो टिपण्याइतके संवेदनशील केले. ते काम पुरे होऊन थोडेच दिवस लोटले असतील, तोच २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या लहानशा दीर्घिकेतील एका ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. कामिओकांदेने ११ टिपले, ओहायोच्या हौदाने ८. (राइन्स यांची पहिली घटनाही २३ फेब्रुवारीचीच होती, बावीस वर्षांपूर्वीची. योगायोग, दुसरे काही नाही.) कोशिबांच्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम महिना उरला होता. प्रयोगाच्या नावातील तीच अक्षरे पुढे ‘न्यूट्रिनो शोधक प्रयोग’ अशी वाचली जाऊ लागली.

यानंतर जे घडले ते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद वळण म्हणावे लागेल. प्रोटॉनक्षय शोधताना ज्याला अडथळा समजून वजा करायचे, तो वातावरणीय न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी भरत होता. हिशेब जुळवण्यासाठी अडथळा नीट मोजणे भाग होते. १९९६ मध्ये ५०,००० टन पाण्याचा सुपर-कामिओकांदे सुरू झाला आणि दोनच वर्षांत उलगडा झाला. माथ्यावरून येणारे म्युऑन-जातीचे न्यूट्रिनो पुरेसे होते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने, हजारो किलोमीटर कापून पायाखालून येणारे मात्र निम्म्यावर आले होते. वाटेत ते जात बदलत होते. याचा अर्थ न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, आणि मूलकणांचे जे प्रमाणित प्रारूप तोवर प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण होत आले होते, त्यात ही गोष्ट बसत नव्हती. ताकाआकी काजिता यांना २०१५ चे नोबेल यासाठी मिळाले. प्रोटॉन मरतो का, हा प्रश्न होता तेथेच राहिला. उत्तर मिळाले ते कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे, आणि तेही यंत्र गोंगाट ऐकण्याइतके दीर्घकाळ जागे राहिले म्हणून.

हे जागे राहणे कोलारच्या नशिबी नव्हते. तेथील सोने विरळ होत गेले आणि उत्खननाचा खर्च वाढत गेला. खोल पातळ्या बंद होऊ लागल्या, तशी १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगशाळाही बंद करावी लागली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणच बंद झाली. खोल खाणीत पाणी सतत झिरपत असते. पंप थांबले की ती भरते. कोलार भरली. वर उरले ते सायनाइडच्या प्रक्रियेतून निघालेल्या मातीचे प्रचंड ढीग आणि काम गेलेली वस्ती.

तुलनेसाठी आणखी दोन खाणी पाहाव्यात. कामिओकातील उत्खननही २००१ मध्येच थांबले. त्या खाणीचा भूतकाळ कोलारहून उजळ नव्हता. तिच्यातून नदीत गेलेल्या कॅडमियममुळे ‘इताई-इताई’ हा हाडे ठिसूळ करणारा भयंकर आजार पसरला होता आणि १९७१ मध्ये पीडितांनी कंपनीविरुद्ध खटला जिंकला होता. तरीही तेथील प्रयोगशाळा टिकली. तिसरी खाण अमेरिकेच्या साउथ डकोटातील होमस्टेक. तेथे रे डेव्हिस यांनी सूर्याचे न्यूट्रिनो मोजले होते. २००२ मध्ये ही सोन्याची खाण बंद झाली, २००३ मध्ये पंप थांबले, पाणी चढू लागले. मग राज्य सरकार आणि एका देणगीदाराने पैसा उभा केला, २००८ मध्ये उपसा पुन्हा सुरू झाला आणि आज त्याच खाणीत दीड किलोमीटर खोलीवर न्यूट्रिनोचा जगातील एक मोठा प्रयोग आकार घेत आहे. तिन्ही खाणींत सोने वा जस्त तोट्याचे ठरले होते. फरक पडला तो पंपाच्या बिलामुळे : दोन ठिकाणी ते विज्ञानाच्या नावावर कोणीतरी भरले.

कोलारच्या शास्त्रज्ञांना याची जाणीव नव्हती असे नाही. नव्या सहस्रकाच्या आरंभी भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची कल्पना पुढे आली आणि तिचे नेतृत्व करणारे नबा मंडल हे कोलारच्याच प्रयोगात घडलेले संशोधक होते. खाण नाही, तर डोंगराच्या पोटात आडवे भुयार खणायचे. त्यात ५०,००० टन चुंबकित लोखंडाचे यंत्र बसवायचे. न्यूट्रिनोच्या तीन वस्तुमानांचा क्रम कोणता, हा त्याचा मुख्य प्रश्न. प्रथम निवडलेली निलगिरीतील सिंगारा येथील जागा हत्तींच्या मार्गावर व मुदुमलाईच्या व्याघ्र प्रकल्पालगत असल्यामुळे २००९ मध्ये नाकारली गेली. मग तमिळनाडूच्याच तेनी जिल्ह्यातील पोट्टिपुरम निवडले गेले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला संमती दिली.

त्यानंतर निदर्शने, न्यायालये आणि हरित लवाद. गावकऱ्यांना सुरुंगांची, पाण्याची आणि शेतीची चिंता होती; काहींना न्यूट्रिनोच्याच किरणोत्साराची भीती होती. ही शेवटची भीती शास्त्राला धरून नाही. न्यूट्रिनो येथे निर्माण होणार नव्हते आणि जे आहेत ते आताही प्रत्येकाच्या शरीरातून कोट्यवधींच्या संख्येने आरपार जात आहेत. पण तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी कोलारचे मातीचे ढीग एकदा डोळ्यांपुढे आणावेत. ‘वरून’ आलेला प्रकल्प खाली काय ठेवून जातो, याचा दक्षिण भारतातील ग्रामीण अनुभव पुस्तकी नाही. पश्चिम घाटातील वन्यजीवांच्या वाटांविषयीचा आक्षेपही खोटा नव्हता. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला स्पष्ट विरोध नोंदवला. ५०,००० टनांच्या यंत्राचे ८५ टनांचे छोटे प्रतिरूप मदुराईत काम करत आहे. चीनमध्ये वस्तुमानांचा तोच क्रम शोधण्यासाठी जमिनीखाली ७०० मीटरवर बांधलेला जूनो हा प्रयोग २०२५ मध्ये सुरूही झाला.

प्रोटॉनचे काय? सुपर-कामिओकांदेला आजवर एकाही प्रोटॉनाचा निर्विवाद मृत्यू दिसलेला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एका प्रमुख क्षयप्रकारासाठी प्रोटॉनचे आयुर्मान किमान दोनवर चौतीस शून्ये वर्षांच्या पुढे असले पाहिजे. म्हणजे कोलारच्या काळातील अंदाजापेक्षा हजारपट अधिक. जपानमध्येच सुमारे २,६०,००० टन पाण्याचा हायपर-कामिओकांदे बांधला जात आहे आणि तो २०२८ च्या सुमारास सुरू व्हावा अशी योजना आहे. तोही रिकाम्या हाताने परतू शकतो. महाएकीकरणाची कल्पना चुकीची असेल, तर कितीही मोठा हौद पुरणार नाही; बरोबर असेल, तर उत्तर कदाचित पुढच्याच शून्यावर उभे असेल. आपण कोणत्या बाजूला आहोत, हे हौद भरल्यावाचून कळत नाही, आणि म्हणूनच या क्षेत्राला पैसा मागणे दरवेळी अधिक अवघड जाते.

कोलारच्या दप्तरात मात्र आणखी एक प्रकरण उघडे पडून आहे. न्यूट्रिनोच्या जुन्या प्रयोगात, १९७५ पर्यंत, काही विचित्र घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यांतील कणांच्या रेषा मागे वाढवल्या, तर त्या खडकात किंवा यंत्रात मिळण्याऐवजी खडक आणि यंत्र यांच्यामधील मोकळ्या हवेत एकत्र येत. जणू काही एखादा अज्ञात जड कण खडकातून बाहेर पडून हवेतच फुटला. ‘कोलार घटना’ या नावाने त्या ओळखल्या जातात. पुढे प्रवेगकांवर शोध घेऊनही तसा कण आढळला नाही आणि घटनांचे सर्वमान्य स्पष्टीकरणही मिळाले नाही. २०१४ मध्ये एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रश्न पुन्हा मांडला : ते कृष्णद्रव्याच्या कणांचे क्षय तर नसतील? पडताळून पाहायचे तर खोल भुयारात मोठी मोकळी पोकळी आणि तिच्या भोवती संवेदक भिंती हव्यात. पोट्टिपुरमच्या डोंगरात अशी पोकळी होणार होती. त्या घटना जेथे घडल्या, ती कोलारची मूळ पोकळी पाण्याखाली आहे.